चालण्यातला च

"थांबा. तो शब्द पुन्हा म्हणा."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. नववीचा वर्ग, माझ्या हातात खडू, मागच्या बाकावर मुलाखत घेणारे तिघं, आणि त्यातल्या मोठ्या बाई मला शब्द पुन्हा म्हणायला सांगत होत्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. स्वतः मराठीच्या. रत्नागिरीतली जुनी, नावाजलेली शाळा. मराठी शिक्षिकेच्या जागेसाठी मी नमुना पाठ देत होते. उतारा त्यांनीच दिलेला. बुद्ध गावोगाव पायी हिंडत, लोकांशी बोलत, त्याबद्दलचा. त्यात तो शब्द होता. चारिका. पायी हिंडणं म्हणजे चारिका. अख्ख्या मराठीत माझा ज्या शब्दावर सगळ्यात जास्त भरवसा, तोच नेमका समोर आला होता.

मी तो मोठ्याने म्हटला. दोनदा म्हटला. आणि थांबले. वर्गाने माझ्यामागून एकदा म्हणावा म्हणून.

वर्ग म्हणाला नाही. वर्ग हसला.

का हसतायत ते मला कळेना. मी आणखी एकदा म्हटला. अजून हसले. मग मोठ्या बाईंनी बसल्या जागेवरून पोरांना विचारलं, मॅडमचं काय चुकलं, कोण सांगेल? हात वर झाले. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, चंद्रातला च पाहिजे. मॅडमनी चटणीतला लावला." वर्ग फुटला. संस्थेचे दोघं पदाधिकारी खाली बघून हसले. मोठ्या बाई उघड हसल्या आणि त्या मुलाला शाबास म्हणाल्या.

मग मला विचारलं, "हा शब्द तुम्ही कुठे ऐकलात?"

"वाचलाय, बाई."

"तेच म्हणते मी. वाचलाय. ऐकलेला नाही." आणि शेजारच्या पदाधिकाऱ्याकडे वळून, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "शब्द घरात असावे लागतात हो. पुस्तकातून नाही येत."

त्यांनी माझी जात विचारली नाही. अर्जावर ती होतीच, जागाच राखीव होती. पण अर्ज नसता तरी त्यांचं अडलं नसतं. एक च पुरेसा होता.

मी पाठ पुरा केला. उताऱ्यात तो शब्द पुढे परत आला. मी तो गाळून वाचला. वाक्य लंगडं झालं, पण मी गाळला. शब्दावरून उडी मारून पुढे जायचं मी त्या दिवशी शिकले, आणि पुढे कितीतरी वर्षं तेवढंच करत राहिले.

आता मी दोनदा म्हणून का थांबले ते सांगते.

माझं गाव मंडणगड तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला, कातळ संपतो तिथे. वाडीत विहार आहे. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा. पावसाळ्यात वर्षावास पाळतात आमच्यात. आषाढापासून आश्विनापर्यंत रोज तिन्हीसांजेला विहारात धम्माच्या ग्रंथाची काही पानं वाचायची आणि वाडीने ऐकायची. आधी एक म्हातारे गुरुजी वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा वाडीत घडाघडा वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. जाणती सगळी मुंबईला. माझे बाबाही तिथेच, एका कारखान्यात. मी शाळेत वाचनात पुढे होते. गुरुजींनी मला चौरंगासमोर बसवलं आणि म्हणाले, आता तू.

गुरुजींनीच घालून दिलेली रीत होती. नवा शब्द आला की वाचणाऱ्याने थांबायचं. तो शब्द दोनदा म्हणायचा. मग ऐकणाऱ्यांनी सगळ्यांनी मिळून एकदा. नंतर त्याचा अर्थ. त्यानंतरच पुढची ओळ. लावणीचा चिखल पायावर घेऊन बाया बसलेल्या असत, पाठी मोडलेल्या. माझी आईही त्यांच्यात. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण शब्द आला की तिचं डोकं वर व्हायचं. कधी कुणाला नीट ऐकू नाही आलं तर मागून आवाज यायचा, "परत म्हन गो बाय." आणि मी परत म्हणायचे. परत म्हण म्हणजे शब्द आवडला. परत म्हण म्हणजे तो आम्हाला पाहिजे. मोठी होईपर्यंत मला त्याचा दुसरा अर्थ माहीतच नव्हता.

ते शब्द कसे म्हणायचे हे मला कुणी सांगावं? गुरुजी सुरुवातीला असायचे, पण एका वर्षात तेही गेले. त्यांनी न वाचलेल्या पानांतले शब्द बाकी कुणी कधी ऐकलेलेच नव्हते. मी अक्षरांकडे बघायचे आणि जवळचा शब्द शोधायचे. चारिका म्हणजे पायी चालणं, असं खाली दिलं होतं. मग मी चालण्यातला च लावला. चालणं, चाक, चारा, यातला. दुसरा कुठला लावणार? आमच्या तोंडात चालण्याला तोच होता. तसंच 'जरा, व्याधी, मरण' असं आलं तेव्हा मी जरा म्हणजे थोडीशी असं समजून वाचलं. थोडीशी व्याधी आणि मग मरण. जरा म्हणजे म्हातारपण हे मला फार उशिरा कळलं. पण त्या दिवशी वाडीला ते अगदी पटलं होतं. दवाखाना तालुक्याला, गाडी वेळेवर नाही. आमच्याकडे थोडीशीच व्याधी लागायची.

अशा माझ्या तोंडून जो शब्द जसा पडला तसा तो वाडीचा झाला. त्या पावसाळ्यात चारिकेचं पान चालू असताना तानूआजीच्या सुनेला मुलगी झाली. तानूआजी म्हणजे आमच्या भावकीतली म्हातारी, नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या कलमांच्या बागा राखून पोरं वाढवलेली. तिने मला विहाराच्या पायरीवर थांबवलं आणि त्या शब्दाचा अर्थ परत विचारला. मी सांगितला. लोकांच्या भल्यासाठी गावोगाव पायी हिंडणं. आजीने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. मग म्हणाली, "मंग पोरीचं नाव हेच ठेवायचं. पायानं हिंडंल. कुनाच्या दारात नाय बसायची."

बारशाला अख्ख्या वाडीने मिळून ते नाव म्हटलं. चालण्यातला च लावून. माझा च.

नमुना पाठात नापास झाले असं समजून मी परत जायची तयारी केली होती. पण मला घेतलं. जागा राखीव, दुसरा उमेदवार नाही. कायम नाही घेतलं. तासिका तत्त्वावर, दरवर्षी नव्याने आदेश. दरवर्षी मोठ्या बाईंच्या सहीने. रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि समजावलं की प्रार्थनेनंतरचं वाचन तुम्ही घेऊ नका, मुलांच्या कानावर लहानपणी जे पडतं ते टिकतं. फार गोड बोलतात त्या. आवाज कधी चढत नाही.

मी उच्चार शिकले. फोनवर भाषणं ऐकली, बातम्या ऐकल्या, खोलीचं दार लावून एकेक शब्द घोकला. चरित्र, चातुर्य, जीर्ण, ज्येष्ठ. आणि तरीही भर वर्गात शब्द जवळ आला की मी अडायचे. हा कुठला च? हा कुठला ज? पोरं बघतायत. मी सोपे शब्द वापरायला लागले. मग त्याहून सोपे. ज्या बाईने पुस्तकांच्या जोरावर वाडी सोडली ती वर्गात तिसरीच्या पुस्तकासारखी बोलत होती. पोरं म्हणायची, मॅडम किती सोपं शिकवतात. त्यांना काय माहीत.

एका वर्षावासात घरी गेले. विहारात नेहमीप्रमाणे मला चौरंगापुढे बसवलं. चारिकेचं पान आलं. मी ते शुद्ध वाचलं. चंद्रातला च लावून, दोनदा. आणि थांबले.

कुणीच मागून म्हणालं नाही.

तानूआजी पुढे सरकून म्हणाली, "ह्यो कंचा शब्द आनलास?"

मी सांगितलं की हा तोच आहे. आपण म्हणतो ते चुकीचं. खरा उच्चार असा आहे. मी मास्तरणीच्या आवाजात सांगितलं. मोठ्या बाईंच्या आवाजात सांगितलं, हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आजी रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "मंग आमी इतकी वर्सं काय बोलत होतो?"

 मी पुढची ओळ वाचायला घेतली. त्यानंतर घरी गेले की घसा बसलाय म्हणून सांगायचे. वाचायला दुसऱ्या कुणाला तरी बसवायचे.  आई एकदा म्हणाली, शाळंत बोलतेस ना, मंग हितंच कसा घसा बसतो तुजा.

या जूनमध्ये चारिका रत्नागिरीला आली. वाडीजवळची शाळा आठवीला संपते. तिच्या बापाने मला विचारलं, मी हो म्हटलं. नात्याने मी तिची आत्या. माझ्या खोलीत राहते. उंच, काळीसावळी, कमी बोलणारी. लांब ढांगा टाकत चालते. आमच्याच शाळेत नववीत नाव घातलं. नववीची हजेरी या वर्षी मोठ्या बाई स्वतः घेतात.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी शेजारी दहावीवर होते. दोन वर्गांच्या मध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. हजेरी चालू होती. नावं, हजर, नावं, हजर. मग बाईंनी चारिका म्हटलं. चंद्रातला च. उत्तर नाही. परत म्हटलं. उत्तर नाही. बाई म्हणाल्या, गैरहजर. तेव्हा एक बाक सरकल्याचा आवाज आला आणि पोरीचा आवाज, "बाई, मी हजर हाय. पन माजं नाव असं नाय." आणि तिने आपलं नाव सांगितलं. आपल्या आजीने ठेवलेलं.

पलीकडे वर्ग हसला. तेच हसणं. मी ते झोपेतही ओळखेन.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. "नीट म्हण."

पोरीने पुन्हा म्हटलं. तसंच.

"नीट."

पुन्हा तसंच. आवाज बारीक झाला होता, पण तसंच. मग बाईंनी वर्गाला विचारलं, हिचं काय चुकतंय, कोण सांगेल?

माझ्या हातातला खडू मोडला. मी दहावीला काही न सांगता बाहेर पडले आणि नववीच्या दारात जाऊन उभी राहिले. पोरगी मधल्या रांगेत उभी. कान लाल झालेले. तिने माझ्याकडे बघितलं. मदत मागत नव्हती ती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं, की आत्या, आता तू काय म्हणणार? हा शब्द तर तुझाच ना?

मी म्हटलं, "बाई, तिचं नाव ती म्हणाली तेच आहे."

बाई हसल्या. वर्गापुढे त्या नेहमीच हसतात. म्हणाल्या, "मॅडम, शब्दाला मूळ असतं. नाव ठेवणाऱ्याला म्हणता आलं नाही, तर त्यात मुलीचा काय दोष. मी तिच्या भल्यासाठीच सांगतेय."

मूळ. मूळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात मे महिना आला. बाईंच्या घरची मोठी आंब्याची बाग आहे. दरवर्षी निकाल लागला की स्टाफरूममध्ये पेटी उघडली जाते आणि बाई हापूसची गोष्ट सांगतात. कुणा पोर्तुगीजाचं नाव होतं, अफोन्सो. आपल्या लोकांच्या तोंडात ते बसेना. बागेत राबणाऱ्यांच्या, होडीवाल्यांच्या तोंडात घोळून घोळून त्याचा झाला हापूस. किती गोड झाला बघा शब्द, असं म्हणून त्या फोड पुढे करतात. आम्ही सगळे माना डोलवतो. मीही दरवर्षी डोलवली.

म्हटलं, "हापूसलाही मूळ आहे, बाई. तुम्हीच सांगता. ते कुणी नीट म्हणायला लावलं नाही."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

  हजेरीच्या वहीतून डोकं वर न करता बाई म्हणाल्या, "तुमचा वर्ग रिकामा आहे, मॅडम."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी त्याच शाळेत शिकवते. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा समजली. शब्द कुणाच्या तोंडून बिघडतो याला महत्त्वच नाही. बिघडलेला शब्द कुणाच्या घरात जाऊन बसतो त्यावर ठरतं, तो गोड की चुकीचा. हापूस बाईंच्या बागेत पिकतो म्हणून तो भाषा. आमच्या विहारात घडलेला शब्द म्हणजे चटणी. माझ्या आजीच्या पिढीने त्यांच्या बागांची राखण केली, कलमांना पाणी घातलं, आणि कुणी सांगावं, अफोन्सोचा हापूस झाला तो आमच्याच कुणाच्या तोंडात. त्याचं श्रेय मागायला गेलो नाही आम्ही. नाकाने कांदे सोलायची आमची सवय नाही.

दुपारी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज अर्थातच चढला नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला तर आता योग्य उच्चार येतो, मग त्या मुलीला चुकीचं का राहू देता? मी म्हटलं, मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही वर्गाला विचारलंत.  त्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलगी नीट नावाला हजर म्हणेपर्यंत तिची गैरहजेरी लागेल. दोन, माझा या वर्षाचा आदेश अजून सहीला आहे. मी तिला समजावून सांगितलं तर बरं होईल. माफी वगैरे नको, म्हणाल्या. फक्त समजवा.

म्हणजे पोरीच्या तोंडातून तिचं नाव मी काढून घ्यायचं. ज्या तोंडाने दिलं त्याच तोंडाने.

आठवडा झाला. चारिका रोज वर्गात बसते आणि रोज गैरहजर असते. डबा खाते, वह्या पुऱ्या करते, फळ्यावरचं उतरवते आणि हजेरीच्या वहीत ती नाही. मी आधी अर्ज करायचा विचार केला. कुणाकडे करणार आणि काय लिहिणार? कागदावर दोन्ही नावं सारखीच दिसतात. फरक आहे तो तोंडात, आणि तोंडाची तक्रार कुठलं खातं घेत नाही.

आज संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. मी कांदा चिरत होते. परातीतून मान वर न करता तिने विचारलं, "आत्या, उद्या हजर म्हनू का? तुजी नोकरी जाईल ना."

मी म्हटलं, तुला म्हणायचंय का?

तिने मान हलवली. नाही.

मग तिने ते विचारलं ज्याची मला भीती होती. "पन खरं कंचं? आजी म्हनते ता खोटं हाय काय?"

मी सुरी खाली ठेवली. तिला सगळं सांगितलं. पुस्तकवाले तो शब्द कसा म्हणतात ते म्हणून दाखवलं, तिच्याकडून म्हणवून घेतलं. तिला एका झटक्यात आलं. तो तुला यायलाच हवा, म्हटलं, आणि परीक्षेत, भाषणात, पाहिजे तिथे वापर. पण तुझं नाव त्या शब्दावरून नाही ठेवलं. तुझं नाव ठेवलं विहारातल्या शब्दावरून. आम्हाला तो कसा म्हणायचा ते सांगायला कुणी आलं नाही. शंभर पिढ्या कुणी आम्हाला पुस्तकाला हात लावू दिला नाही, आणि हातात आलं तेव्हा आम्ही विचारायला थांबलो नाही. चिखलाच्या पायांनी बसलो आणि वाचलं. दिवसभर वाकलेल्या बायांनी तो तोंडात घोळवला आणि एका पोरीला दिला. शब्द येतात ते असे. दुसरीकडून कुठून येत नाहीत.

तानूआजी, तुझं उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. तुम्ही इतकी वर्षं जे बोलत होता तो शब्द होता. पुरता, धडका शब्द. चूक मी केली नाही. तुम्हीही केली नाही. चूक केली ती मी नंतर, जेव्हा तो गाळून वाचला.

यंदा विहारात ग्रंथ चारिका वाचणार आहे. मी खाली बसून मागून म्हणणार आहे. ते पुढचं. आधी उद्याचा दिवस आहे.

उद्या पहिल्या तासाला मला वर्ग नाही. मी नववीच्या दारात जाऊन उभी राहणार. हजेरी सुरू होईल. बाई त्या नावापाशी येतील आणि त्यांच्या पद्धतीने म्हणतील. पोरगी गप्प बसेल, आणि वर्ग हसायच्या बेतात असेल. परवाही मी तिथेच असणार. आदेशावर सही झाली तरी, नाही झाली तरी. शाळेतून काढलं तर फाटकाशी उभी राहीन, तिथूनही नववीचा वर्ग दिसतो. आवाज चढवणार नाही. तेवढं मी त्यांच्याकडूनच शिकले आहे. अख्ख्या वर्गासमोर एवढंच म्हणणार आहे.

बाई, थांबा. ते नाव पुन्हा म्हणा.